कैदेतून घरी येण्याचा रस्ता

गेल्या अंकात मी १९४९च्या जिनिव्हा करारांवर, म्हणजे युद्धात सापडलेल्या माणसांना कसं वागवायचं ते ठरवणाऱ्या करारांवर लिहिलं. त्यावर आलेली बहुतेक पत्रं युद्धकैद्यांबद्दलच आहेत. मी आयुष्यभर विधी महाविद्यालयात आंतरराष्ट्रीय कायदा शिकवला, आणि या विषयाशी माझं घरचंही नातं आहे. माझे धाकटे मामा लष्कराच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेशवहन विभागात होते. १९७१च्या युद्धात ते पश्चिम आघाडीवर पकडले गेले आणि पुढच्या वर्षी डिसेंबरात वाघ्याहून परत आले. त्यामुळे खालची काही उत्तरं शिक्षिकेची आहेत आणि काही भाचीची.

९३ हजार पाकिस्तानी कैदी हातात असताना आपण सिमल्यात ते फुकटात सोडून दिले. त्यांच्या बदल्यात काश्मीरचा प्रश्न तेव्हाच का मिटवला नाही? (निवृत्त शिक्षक, कराड)

सर, प्रत्येक व्याख्यानात हा प्रश्न कुणीतरी विचारतंच, आणि त्यामागची चीड मला कळते. पण सिमल्यात कैदी सोडले ही समजूत खरी नाही. इंदिरा गांधी आणि झुल्फिकार अली भुट्टो यांच्या सह्यांच्या २ जुलै १९७२च्या करारात युद्धकैद्यांच्या परतीचा विषय पुढच्या बैठकांवर सोपवला आहे. परत द्यायचं ठरलं ते आंतरराष्ट्रीय सीमेपलीकडचा जिंकलेला मुलूख. पूर्वेकडच्या कैद्यांची परतपाठवणी सुरू झाली ती सप्टेंबर १९७३मध्ये. ढाक्यात शरणागतीच्या कागदावर सही करणारे जनरल नियाझी वाघा ओलांडून गेले ते ३० एप्रिल १९७४ला, म्हणजे शरणागतीनंतर दोन वर्षं आणि चार महिन्यांनी.

९३ हजार हा आकडाही जरा उलगडून बघायला हवा. ते सगळे सैनिक नव्हते. त्यांत निमलष्करी दलांतले लोक होते, सरकारी नोकर होते, त्यांच्यासोबतची बायकामुलं होती. मीरत, आग्रा, रांची, जबलपूर अशा कितीतरी ठिकाणच्या छावण्यांत त्यांना ठेवलं होतं. कैद्यांना खाऊपिऊ घालणं, औषधपाणी करणं ही जिनिव्हा करारानुसार पकडणाऱ्या देशाची जबाबदारी असते, आणि तीही विनामोबदला. एवढ्या माणसांचं हे सगळं आपण दोन वर्षांहून अधिक काळ केलं.

मग इतके दिवस ठेवून का घेतलं? नियाझींची शरणागती भारत आणि बांगलादेश यांच्या संयुक्त सेनेपुढे झाली होती. तेव्हा बांगलादेशाच्या संमतीशिवाय कैदी सोडता येणार नाहीत, असं भारताचं म्हणणं होतं. बांगलादेशाला त्यांतल्या १९५ जणांवर अत्याचारांबद्दल खटले चालवायचे होते. पाकिस्तानने बांगलादेशाला मान्यताच दिलेली नव्हती, त्यामुळे तिघांनी एका टेबलाशी बसण्याची सोय नव्हती. तिकडे पाकिस्तानात लाखो बंगाली अडकून पडले होते: सैनिक, कारकून, त्यांची कुटुंबं. ऑगस्ट १९७२मध्ये बांगलादेशाच्या संयुक्त राष्ट्रांतल्या प्रवेशावर चीनने नकाराधिकार वापरला. मे १९७३मध्ये पाकिस्तान हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. इतकं सगळं अडकलेलं असताना भारताचे पी. एन. हक्सर आणि पाकिस्तानचे अझीझ अहमद बोलत राहिले आणि २८ ऑगस्ट १९७३ला दिल्लीत करार झाला. १९५ जण वगळून बाकीचे पाकिस्तानी कैदी पाकिस्तानला, पाकिस्तानातले बंगाली बांगलादेशात, आणि बांगलादेशातले बरेचसे बिगरबंगाली पाकिस्तानात, असं सगळं एकाच वेळी सुरू करायचं ठरलं. त्यातली बंगाली आणि बिगरबंगाली नागरिकांची ने-आण संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाने विमानांनी केली. दोन लाखांहून अधिक माणसं त्या विमानांनी आपापल्या ठिकाणी पोचली. आपल्याकडे सिमल्याबद्दल रकानेच्या रकाने लिहिले जातात आणि या करारावर चार ओळीही येत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

आता कायद्याचं. युद्धकैद्यांबद्दलच्या तिसऱ्या जिनिव्हा कराराच्या कलम ११८नुसार, प्रत्यक्ष लढाई थांबली की कैद्यांना विनाविलंब मुक्त करून मायदेशी धाडायचं असतं. राजकीय प्रश्न सुटेपर्यंत थांबायची मुभा त्यात नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर लाखो जर्मन आणि जपानी कैदी सोव्हिएत छावण्यांत वर्षानुवर्षं राबत होते. हे कलम त्या अनुभवातून आलं. युद्ध पुन्हा पेटण्याचा धोका टळलेला नाही, हा भारताचा युक्तिवाद डिसेंबर १९७१मध्ये पटण्यासारखा होता. १९७३च्या उन्हाळ्यात तो मला लंगडा वाटतो. आपला देश आहे म्हणून मी वर्गात हे वेगळं शिकवलं नाही आणि इथेही वेगळं लिहिणार नाही.

राहिलं काश्मीर. कैद्यांच्या बदल्यात मुलूख मागायचा हे एकदा मान्य केलं, तर समोरच्यालाही तेच करायची मोकळीक मिळते. तेव्हा पाकिस्तानच्या ताब्यात आपले सहाशेहून जास्त जवान आणि अधिकारी होते. माझे मामा त्यांतलेच एक. १ डिसेंबर १९७२ला वाघ्यावर पश्चिम आघाडीच्या कैद्यांची अदलाबदल झाली, तेव्हा ते घरी आले. त्यांची किंमत कुणी कशात लावायची होती, हे मला कुणी सांगावं.

त्या १९५ जणांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी लिहिते. फेब्रुवारी १९७४मध्ये पाकिस्तानने बांगलादेशाला मान्यता दिली. ९ एप्रिलला दिल्लीत भारताचे स्वर्णसिंग, बांगलादेशाचे कमाल हुसेन आणि पाकिस्तानचे अझीझ अहमद यांनी त्रिपक्षीय करारावर सह्या केल्या. जे गुन्हे घडले असतील त्यांचा निषेध आणि त्यांबद्दल खेद पाकिस्तानने त्यात नोंदवला, आणि बांगलादेशाने क्षमेपोटी खटले सोडून दिले. उपखंडातल्या शांततेसाठी ते बहुधा आवश्यक होतं. पण ज्या बायकांवर ते अत्याचार झाले त्यांना त्या टेबलावर कुणी विचारलं नाही. कैद्यांची सुटका हे माणुसकीचं काम आहे आणि खटला हे न्यायाचं. दोन्ही एकाच सौद्यात घातली की न्याय मागे पडतो, आणि तसंच झालं.

मॅडम, अभिनंदन यांना पाकिस्तानने जिनिव्हा करारामुळे सोडलं की दबावामुळे? आणि युद्ध जाहीरच झालेलं नसेल तर करार लागू कसा होतो? (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, लातूर)

दुसरा प्रश्न आधी घेते, कारण तुला परीक्षेत तोच येईल. चारही जिनिव्हा करारांचं कलम २ बघ. जाहीर युद्ध असो की दोन देशांमधला इतर कोणताही सशस्त्र संघर्ष, आणि एका बाजूला ते युद्ध म्हणून मान्य नसलं, तरी करार लागू होतो. त्यामुळे २७ फेब्रुवारी २०१९ला मिग-२१ पडून विंग कमांडर अभिनंदन वर्धमान नियंत्रण रेषेपलीकडे उतरले आणि पकडले गेले, त्या क्षणापासून ते युद्धकैदी होते. तिसऱ्या कराराचं कलम १३ कैद्याला मारहाणीपासून तर वाचवतंच, शिवाय लोकांच्या कुतूहलासमोर त्याचं प्रदर्शन मांडायलाही मनाई करतं. डोळे बांधलेले आणि चेहऱ्यावर रक्त असलेले त्यांचे व्हिडिओ पसरवले गेले तो सरळ करारभंग होता. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने त्याच दिवशी त्यावर आक्षेप घेतला.

आता पहिला प्रश्न. लढाई चालू असताना धडधाकट कैद्याला सोडून द्यायचं बंधन करारात नाही. गंभीर जखमी आणि गंभीर आजारी कैद्यांना मात्र प्रवास झेपण्याइतकी प्रकृती झाली की परत पाठवावं लागतं. तेव्हा दोन दिवसांत सुटका झाली ती राजकीय निर्णयाने. अमेरिका आणि सौदी अरेबिया भारत आणि पाकिस्तान दोघांशी बोलत होते, आणि तणाव आणखी चढू नये असं इस्लामाबादलाही वाटत होतं. २८ तारखेला इम्रान खान यांनी संसदेत ‘शांततेसाठी’ म्हणून घोषणा केली. त्याच संध्याकाळी दिल्लीत तिन्ही दलांच्या पत्रकार परिषदेत एअर व्हाइस मार्शल आर. जी. के. कपूर म्हणाले, की हे जिनिव्हा कराराला धरूनच आहे. माझ्या मते तो अत्यंत नेमका प्रतिसाद होता. त्यात उपकाराची भाषा नव्हती आणि सुटका अडेल असं वाकडंही काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी रात्री अभिनंदन वाघा ओलांडून आले.

१९९९चं उदाहरणही टिपून ठेव. कारगिलमध्ये २७ मे रोजी फ्लाइट लेफ्टनंट के. नचिकेता यांच्या मिग-२७चं इंजिन बंद पडलं आणि ते पकडले गेले. आठवड्याभरात सोडायचं ठरलं, तेव्हा भारताचे उच्चायुक्त जी. पार्थसारथी यांना पत्रकारांच्या गर्दीत येऊन वैमानिकाला घेऊन जायला सांगण्यात आलं. त्यांनी नकार दिला. कॅमेऱ्यांसमोर कैद्याचा ताबा घेणं त्यांना मान्य नव्हतं. अखेर ३ जूनला नचिकेता यांना आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या हवाली केलं आणि तिथून ते भारतात आले. सुटका हातातोंडाशी आलेली असताना ‘अशी नको’ म्हणायला केवढं धैर्य लागलं असेल याचा विचार कर. त्यांचा हिशेब बरोबर होता. सोडायचं एकदा ठरवलेला देश केवळ कॅमेरे नाहीत म्हणून मागे फिरत नाही.

शत्रूच्या टीव्हीवर कैदी त्यांना हवं ते बोलतात, माफीही मागतात. हा देशद्रोह नाही का? ब्रिटनच्या नौसैनिकांबद्दल असं वाचल्याचं आठवतं. (गृहिणी, डोंबिवली)

ताई, तुम्हाला आठवतंय ते २००७चं प्रकरण. त्यात एका भारतीय जहाजाचाही भाग आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

२३ मार्च २००७. इराक आणि इराण यांच्यामध्ये शत्त-अल-अरब नदी समुद्राला मिळते, तिथल्या पाण्यात ‘एचएमएस कॉर्नवॉल’ या ब्रिटिश युद्धनौकेचे पंधरा जण, आठ नौसैनिक आणि सात मरीन (नौदलाचे लढाऊ सैनिक), दोन छोट्या बोटींतून एका व्यापारी जहाजाची तपासणी करायला गेले. त्या जहाजावर भारताचा झेंडा होता. तपासणी आटोपून खाली उतरतात तोच इराणच्या रिव्होल्यूशनरी गार्ड या लष्करी दलाच्या बोटींनी त्यांना घेरून नेलं. पंधरांत एक महिला होती.

वादाचा मुद्दा एकच होता: पाणी कुणाचं? इराणने आधी दिलेले अक्षांश-रेखांश नकाशावर मांडले तर ते इराकच्याच हद्दीत पडत होते. ब्रिटिशांनी ते दाखवून दिल्यावर इराणने दुसरी ‘दुरुस्त’ जागा दिली. पुढे ब्रिटनने आपला पुरावा जाहीर केला, आणि तो उभा होता त्या भारतीय झेंड्याच्या जहाजावर. जहाज अजून तिथेच नांगर टाकून होतं. त्यावरून हेलिकॉप्टर नेऊन जागा मोजली, तर ती इराकी हद्दीच्या आत १.७ सागरी मैल भरली. मात्र त्या पाण्यातली हद्द दोन्ही देशांनी बसून पक्की केलेली नव्हती, त्यामुळे ब्रिटनचा पुरावा दाखवला जात होता तितका निर्विवाद नव्हता.

दरम्यान कैद्यांना टीव्हीवर आणलं. आम्ही इराणच्या पाण्यात शिरलो असं त्यांनी सांगितलं. सुटून आल्यावर त्यांनी जे सांगितलं ते वेगळंच होतं. डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या होत्या, भिंतीशी उभं करून बंदुका सज्ज केल्याचे आवाज ऐकवले होते, कबुली दिली नाही तर सात वर्षं तुरुंगात जाल असं बजावलं होतं. अशा वेळी कागदावरचं वाचून दाखवलं म्हणून मी कुणाला द्रोही म्हणणार नाही. करारानुसार कैद्याला सांगावं लागतं ते फक्त नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सेवा क्रमांक. त्यापुढचं जबरदस्तीने वदवून घेणं हा पकडणाऱ्याचा अपराध असतो. पडद्यावरचा कबुलीजबाब खरा मानायचा नाही, एवढं आपण बघणाऱ्यांनी पाळलं तरी असले व्हिडिओ काढण्यात कुणाला फायदा उरणार नाही.

सुटका कशी झाली हे शिकण्यासारखं आहे. पहिला आठवडा ब्रिटनने आवाज चढवला: अधिकृत व्यवहार गोठवले, सुरक्षा परिषदेकडून ‘गंभीर चिंता’ व्यक्त करणारं निवेदन मिळवलं. त्याहून कडक भाषेला परिषद तयार झाली नाही. इराणही जास्तच ताठर झाला. मग सूर बदलला. इराणच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचे प्रमुख अली लारिजानी ब्रिटिश वाहिनीवर म्हणाले की खटल्याची गरज नाही. लंडनहून त्यांना थेट फोन गेला. बगदादमध्ये दोन महिन्यांपूर्वी पळवलेला एक इराणी मुत्सद्दी त्याच दिवसांत सुटला. ४ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष अहमदीनेजाद यांनी पत्रकार परिषदेत आधी त्या बोटी पकडणाऱ्या कमांडरच्या छातीवर पदक लावलं आणि मग पंधराही जणांना ब्रिटिश जनतेला ‘भेट’ म्हणून सोडत असल्याचं जाहीर केलं. नवे सूट घालून, भेटवस्तूंच्या पिशव्या हातात देऊन त्यांना विमानात बसवलं. ते दृश्य ब्रिटनमध्ये अनेकांना झोंबलं. मला त्यात पंधरा घरांमधला आनंद जास्त मोठा दिसतो. समोरच्याला आपल्या लोकांपुढे ताठ मानेने उभं राहता येईल इतकी जागा ठेवली, त्यात ब्रिटनचं काय गेलं?

जानेवारी २०१६मध्ये अमेरिकेचे दहा नौसैनिक इराणने फारसी बेटाजवळ पकडले, ते दुसऱ्याच दिवशी सुटले. अणुकराराच्या वाटाघाटींमुळे दोन्ही देशांचे परराष्ट्रमंत्री, जॉन केरी आणि जवाद झरीफ, एकमेकांना थेट फोन करू शकत होते. २००७मध्ये असा फोन कुणी कुणाला करायचा, हे ठरण्यातच आठवडा गेला होता.

चुकून सीमा ओलांडलेला जवान युद्धकैदी असतो का? आमच्या जिल्ह्यात असं घडलं आहे. (शेतकरी, धुळे जिल्हा)

संघर्ष चालू नसेल तर नाही. अशा माणसाला दोन्ही लष्करं आपसांतल्या रिवाजाने परत देतात. लष्करी कारवायांच्या महासंचालकांमध्ये, म्हणजे डीजीएमओंमध्ये, हॉटलाइन असते. सीमा सुरक्षा दल आणि पाकिस्तानी रेंजर्स (त्यांचं सीमा दल) फ्लॅग मीटिंग, म्हणजे सीमेवर समोरासमोर बैठक घेतात. एरवी काही तासांत किंवा दिवसांत काम होतं, पण मुहूर्त वाईट असला की महिने जातात. तुमच्या जिल्ह्यातला जवान सप्टेंबर २०१६मध्ये, सर्जिकल स्ट्राइकच्याच दिवशी, पलीकडे गेला. बातमी ऐकून त्याची आजी दगावली. तो परतला २१ जानेवारी २०१७ला. पहलगामच्या हल्ल्यानंतर दुसऱ्याच दिवशी, २३ एप्रिल २०२५ला, फिरोजपूरजवळ सीमा सुरक्षा दलाचा एक जवान पलीकडे पकडला गेला. मध्ये ऑपरेशन सिंदूर होऊन गेलं, तरी तो १४ मेला अटारीहून परत आला आणि त्याच दिवशी आपणही त्यांचा एक रेंजर परत दिला. तोफा बोलत होत्या तेव्हाही ती एक लाइन चालू राहिली, याचं मोल फार मोठं आहे.

रशिया आणि युक्रेनचे कैदी आमच्या इथून सुटतात असं ऐकतो. ज्या देशाचा त्या युद्धाशी संबंध नाही त्याला यात का घेतात? (मराठी वाचक, दुबई)

संबंध नाही म्हणूनच. तुमच्या तिथल्या सरकारने दोघांशी बोलणं तोडलेलं नाही. ३ जानेवारी २०२४ला संयुक्त अरब अमिरातीच्या मध्यस्थीने २३० युक्रेनी आणि २४८ रशियन कैदी घरी गेले, आणि त्यानंतरही अशा अनेक अदलाबदली झाल्या. सप्टेंबर २०२२च्या मोठ्या अदलाबदलीत तुर्कस्तान आणि सौदी अरेबिया होते. मे २०२५मध्ये इस्तंबूलला दोन्ही बाजू समोरासमोर बसल्या. युद्धबंदीवर काहीच जमलं नाही, पण हजाराला हजार कैदी द्यायचं ठरलं आणि महिनाअखेरीच्या आत ते पूर्णही झालं. बाकी सगळं अडलेलं असतानाही कैद्यांपुरतं बोलणं होऊ शकतं, याचा हा ठळक दाखला आहे.

आपल्याकडे १९७१मध्ये हे काम स्वित्झर्लंडने केलं. भारत आणि पाकिस्तान यांचे राजनैतिक संबंध तुटल्यावर दोन्ही देशांचे हितसंबंध स्विसांनी सांभाळले.

कैदेतून पळून जाणं गुन्हा आहे का? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, पुणे)

नाही. पळताना पकडला गेलेला कैदी फक्त शिस्तभंगाच्या शिक्षेस पात्र असतो, आणि यशस्वी होऊन आपल्या सैन्यात पोचला तर पुढे पुन्हा पकडला गेला तरी त्या पळण्याबद्दल काहीच शिक्षा नाही. ऑगस्ट १९७२मध्ये दिलीप परुळकर, एम. एस. ग्रेवाल आणि हरीश सिंहजी हे आपले तीन वैमानिक रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून निसटले. अफगाण सीमेपासून काही मैलांवर, लंडी कोतलला, त्यांनी पुढच्या लंडी खाना या स्टेशनाची चौकशी केली. तिथे गाडी जाणं कधीच बंद झालं होतं. त्या प्रश्नावरूनच संशय आला आणि ते पकडले गेले. डिसेंबरात तिघेही सुखरूप परत आले.

१९७१चे आपले ५४ जण अजून पाकिस्तानात आहेत असं म्हणतात. सरकारने त्यांना सोडून दिलं का? (वाचक, नाशिक)

हे उत्तर लिहायला मला सर्वांत जड गेलं.

मामांचं एक कार्ड माझ्याकडे आहे. पोस्टकार्डाएवढं, जाड कागदाचं. करारात या कार्डाचा नमुनाच दिलेला आहे: नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, हुद्दा, सेवा क्रमांक, जवळच्या नातेवाइकाचा पत्ता. खाली प्रकृतीचे छापील पर्याय, लागू नसतील ते खोडायचे. मामांनी एक सोडून सगळे खोडलेत. याशिवाय काहीही लिहू नये, अशी तळाशी सूचना. नातेवाइकाच्या जागी पाटण तालुक्यातल्या गावाचा पत्ता आणि आजीचं नाव आहे. छावणीत पोचल्यापासून आठवड्याच्या आत असं एक कार्ड घरी आणि एक रेडक्रॉसच्या जिनिव्हातल्या केंद्रीय संस्थेकडे जायला हवं, असं कलम ७० सांगतं. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. कार्ड इंग्रजीतलं होतं, ते शाळेच्या हेडमास्तरांनी वाचून दाखवलं. पण त्याआधी घरात फक्त ‘बेपत्ता’ म्हणून तार आलेली होती. कार्ड आलं आणि मामा जिवंत झाले, असं आई सांगायची. मी कायदा शिकवायला लागल्यावर मला कळलं की आई बरोबरच बोलत होती. नाव एकदा जिनिव्हात नोंदलं गेलं की त्या माणसाचा पकडणाऱ्या देशाला हिशेब द्यावा लागतो.

ज्या ५४ जणांबद्दल तुम्ही विचारता त्यांच्या घरी असं कार्ड आलंच नाही. ही यादी १९७९मध्ये आपल्या संसदेत मांडली गेली. पाकिस्तानने आपल्या ताब्यात असं कुणी असल्याचं कायम नाकारलं. १९८३ आणि २००७मध्ये काही नातेवाइकांना तिथल्या तुरुंगांत नेऊन आणलं, पण त्यांचं माणूस सापडलं नाही. बेपत्ता सैनिकांची संख्या सरकार आज ८३ सांगतं, त्यांत हे ५४ धरलेले आहेत. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांचं उदाहरण अनेकांना ठाऊक असेल. डिसेंबर १९७१मध्ये त्यांचं विमान पाडलं गेलं. त्या दिवसांतल्या एका पाकिस्तानी वर्तमानपत्रात जिवंत पकडलेल्या वैमानिकांमध्ये त्यांच्या आडनावाशी जुळणारं नाव छापून आलं होतं. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या. पती कुठे आहे, या एका प्रश्नाचा त्यांनी दशकानुदशकं पाठपुरावा केला.

हे ५४ जण आज हयात आहेत असं मी म्हणणार नाही. तो दिलासा द्यायचा मला अधिकार नाही. पण प्रश्न संपलेला नाही. कैदी मेला तर मृत्यूचा दाखला आणि दफनाची किंवा दहनाची नोंद पाठवणं कलम १२०ने बंधनकारक आहे. आपल्या माणसाचं काय झालं हे कळण्याचा कुटुंबाचा हक्क जिनिव्हा करारांना जोडलेल्या १९७७च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलने स्पष्ट मान्य केला, आणि त्यात भारत आणि पाकिस्तान दोघेही आजवर सामील झालेले नाहीत. सरकारने त्यांना सोडून दिलं का, या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे: १९७२ ते १९७४ या काळात आपल्या हातात हजारो कैदी होते, तेव्हा एकेका बेपत्ता माणसाचा लेखी हिशेब मागायची आपली जागा सर्वांत भक्कम होती. ती पुन्हा तशी कधीच राहिली नाही. त्या वाटाघाटींबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि तरीही हे त्यांतलं मोठं अपुरेपण आहे.

२००८च्या करारामुळे दोन्ही देश दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या नागरी कैद्यांच्या आणि मच्छीमारांच्या याद्या देतात. पालघरचे खलाशी अशाच याद्यांमुळे सापडतात आणि सुटतात. तशीच यादी बेपत्ता सैनिकांबाबत दोघांनी मिळून तपासावी, जुन्या तुरुंगांचे आणि इस्पितळांचे दप्तर उघडावं, ही मागणी आजही करता येते. आपल्या खासदाराला पत्र लिहून करता येते.

माझा मुलगा सीमेवर आहे. देव न करो, पण असं काही झालं तर घरच्यांनी काय करावं? (एक आई, सातारा)

ताई, तसं कधी होऊ नये. पण विचारलंत ते बरं केलंत. मुलाचा सेवा क्रमांक, हुद्दा, पूर्ण नाव, जन्मतारीख आणि त्याच्या रेकॉर्ड ऑफिसचा (सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या लष्करी कार्यालयाचा) पत्ता घरात एका वहीत लिहून ठेवा. काही कळलं तर आधी रेकॉर्ड ऑफिस आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठा. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचं कार्यालय दिल्लीत आहे, ताटातूट झालेल्या कुटुंबांचा निरोप पोचवणं हे त्यांचं कामच आहे. तिथे तुम्ही स्वतः अर्ज करू शकता. जे काही पत्र, पाकीट, कार्ड येईल ते पाकिटासकट जपा, शिक्क्यावरची तारीखही कामाची असते.

आणि दाराशी कॅमेरे आले तर बोलू नका. २०१९मध्ये आपल्याच वाहिन्यांनी पकडलेल्या वैमानिकाचं घर, वडिलांची नोकरी, त्याचं गाव, सगळं दिवसभर दाखवलं. तो मात्र तिकडे नाव आणि क्रमांकापलीकडे काही सांगायला तयार नव्हता. तुमच्या मुलाचं प्रशिक्षण, तुकडी, मित्र, आजारपण यांतलं काहीही कुणाला सांगू नका, नातेवाइकांनाही तसंच बजावा, आणि त्याचे फोटो समाजमाध्यमांवर असतील तर ते आजच काढून टाका.